लिंगताठरतेचा शोध: क्ष-किरणापासून डॉपलरपर्यंत

पुरुषाच्या लिंगाला ताठरता येते ती रक्तामुळे. आत हाड नसते, आणि ज्या मृदू स्नायूंवर ही क्रिया अवलंबून असते ते आवळून नव्हे, सैल पडून आपले काम करतात. लिंगाच्या लांबीभर दोन समांतर दंड असतात. त्यांच्या आत स्पंजासारखे पोकळ्यांचे जाळे असते आणि दोन्ही दंडांच्या मधोमध एकेक बारीक धमनी जाते. मज्जातंतूंकडून निरोप आला की पोकळ्यांभोवतीचे स्नायू सैलावतात, धमन्या रुंदावतात, रक्त वेगाने आत शिरते. फुगलेल्या पोकळ्या बाहेरच्या चिवट आवरणावर दाबल्या जातात आणि मध्ये सापडलेल्या बारीक शिरा चेपून बंद होतात. भंडारदऱ्याचे धरण भरायचे तर वरून पाण्याचा येवा भरपूर हवा आणि खालचे दरवाजे घट्ट बसायला हवेत. इथला हिशेबही तोच आहे. येवा कमी पडला किंवा दरवाजे गळले, की ताठरता येत नाही किंवा आलेली टिकत नाही.

सात-आठ वाक्यांत सांगता येणारे हे ज्ञान जमायला काही शतके लागली. ही क्रिया शवात पाहता येत नाही, आणि जिवंत शरीरात ती लाजेच्या व खासगीपणाच्या आड घडते. त्यामुळे हृदय किंवा मूत्रपिंड यांच्या मानाने या इंद्रियाचा अभ्यास फार मागे राहिला. जिवंत माणसाच्या शरीरातला रक्तप्रवाह पाहण्याची साधने हाती आली तेव्हा तो झपाट्याने पुढे गेला. निर्णायक शोध १९७० ते १९८५ या पंधरा वर्षांत लागले.

भारतीय वैद्यकाने ताठरता न येण्याच्या तक्रारीची दखल फार आधी घेतली होती. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात क्लैब्याचे, म्हणजे नपुंसकत्वाचे, चार प्रकार सांगितले आहेत. बीजाच्या दोषाने, इंद्रियाच्या विकाराने, म्हातारपणाने आणि शुक्राच्या क्षयाने ते येते, अशी ती विभागणी आहे. एकाच तक्रारीमागे वेगवेगळी कारणे असू शकतात हे ओळखणारी ती नजर होती. पण या सगळ्या विचाराच्या केंद्रस्थानी शुक्र होते, रक्त नव्हते. पुढे मूळ ग्रंथांचा बारकावा मागे पडला आणि लोकांच्या मनात एवढेच उरले की वीर्य गेले म्हणजे ताकद गेली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या एखाद्या तरुणाची 'धातू जातोय', 'कमजोरी आलीय' ही तक्रार त्याच समजुतीतून येते. मानसोपचारतज्ज्ञ नरेंद्रनाथ विग यांनी १९६० मध्ये या चिंतेला 'धात सिंड्रोम' असे नाव दिले, तेव्हा तिची वैद्यकशास्त्रात स्वतंत्र नोंद झाली.

युरोपातही सुरुवात चुकीच्या कल्पनेनेच झाली होती. ताठरता वायूमुळे येते, असे प्राचीन ग्रीक-रोमन परंपरेचे म्हणणे होते. फाशी गेलेल्या माणसांच्या देहांचे निरीक्षण करताना लिओनार्दो दा विंचीला ताठर लिंगात रक्त साठलेले दिसले आणि त्याने आपल्या टिपणांत वायूची कल्पना खोडून काढली. १६६८ मध्ये डच वैद्य रेग्निएर द ग्राफ याने शवाच्या रक्तवाहिन्यांत द्रव सोडून लिंग फुगवून दाखवले. १८६३ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ एकहार्ट याने कुत्र्याच्या ओटीपोटातल्या ठरावीक मज्जातंतूंना विजेचा हलका झटका देऊन ताठरता आणली. रक्त आणि मज्जातंतू हे दोन्ही धागे असे हाती आले, पण त्यांची गाठ नेमकी कशी बसते हे माणसात पाहण्याची सोय नव्हती. रक्त आत येते हे मान्य झाले तरी ते आत अडते कसे, यावर पुढची शंभर वर्षे तर्कच चालू राहिले.

महाराष्ट्रात या विषयावर उघडपणे आणि शास्त्राच्या आधाराने बोलणारे पहिले मोठे नाव रघुनाथ धोंडो कर्वे यांचे. गणिताच्या या प्राध्यापकाने १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या प्रचारापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. जुलै १९२७ पासून त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक चालवले आणि १९५३ मध्ये मरेपर्यंत ते बंद पडू दिले नाही. मासिकात वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे देणारे सदर होते. घरात कोणाला विचारता येत नाही ते मराठी पुरुष तिथे पत्राने विचारत, आणि कर्वे हातचे न राखता उत्तर देत. याच उत्तरांवरून १९३४ मध्ये त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. त्यांची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. लैंगिक प्रश्नांवर लिहिणे म्हणजे अश्लीलता नव्हे, हा त्यांचा मुद्दा न्यायालयाला पटला नाही आणि कर्व्यांना दंड झाला. पुढे कर्व्यांनी 'क्लैब्याची मीमांसा' हे स्वतंत्र पुस्तकही लिहिले. त्या काळी लिंगातला रक्तप्रवाह मोजण्याचे कोणतेही साधन जगात नव्हते. असे असूनही नपुंसकत्व हे पाप किंवा शाप नसून त्याची कारणे शोधता येतात, ही भूमिका मराठीत ठामपणे मांडली गेली, याचे श्रेय कर्व्यांना जाते. नंतरच्या डॉक्टरांना जी भाषा वापरावी लागली तिचा पाया त्यांनी घातला.

कायद्याने दुसऱ्या टोकाकडूनही हात घातला. १९५४ च्या औषधे आणि चमत्कारी उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमाने लैंगिक शक्ती वाढवण्याचा दावा करणाऱ्या औषधांच्या जाहिरातींवर बंदी घातली. एसटी स्टँडाजवळच्या भिंती आणि आठवडी बाजारातले जडीबुटीचे तंबू पाहिले की या कायद्याचा अंमल किती तोकडा राहिला हे कळते. शास्त्राचे उत्तर तयार नव्हते आणि विचारण्याची जागा नव्हती, तिथे हा धंदा वाढणे अटळ होते. आणि शास्त्राचे उत्तर खरोखरच तयार नव्हते.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत जगभरच्या डॉक्टरांचे मत असे होते की नपुंसकत्वाची तक्रार घेऊन येणाऱ्या बहुतेक पुरुषांचे दुखणे मनाचे असते. मास्टर्स आणि जॉन्सन या अमेरिकी संशोधक जोडीचे १९७० चे पुस्तक याच बाजूचे होते. त्याला छेद देणारी निरीक्षणे तुरळक होती. फ्रेंच शल्यवैद्य रने लेरिश याने १९२३ मध्येच दाखवले होते की पोटातली महाधमनी खालच्या टोकाला चोंदली की चालताना पाय दुखतात आणि ताठरताही जाते. पण हे मोठ्या नळाचे दुखणे होते. लिंगापर्यंत पोहोचणाऱ्या बारीक नळांचे काय, हे कोणी पाहिले नव्हते.

मन आणि शरीर वेगळे काढण्याचा एक मार्ग झोपेच्या अभ्यासातून सापडला. निरोगी पुरुषाला झोपेत, विशेषतः स्वप्नांच्या टप्प्यात, रोज रात्री अनेकदा ताठरता येते. तिथे चिंता किंवा जोडीदाराची भीती आड येत नाही. झोपेत ताठरता येते आणि जागेपणी येत नाही, तर नळ शाबूत आहेत असे समजायचे. इस्मेत काराजान याने या तत्त्वावर निदानाची पद्धत बसवली. १९८० मध्ये तिची एक अगदी स्वस्त आवृत्ती प्रसिद्ध झाली. झोपताना लिंगाभोवती पोस्टाच्या तिकिटांची पट्टी गुंडाळून चिकटवायची आणि तिकिटांमधल्या छिद्रांची ओळ सकाळी फाटली आहे का ते बघायचे. ही चाचणी ढोबळ होती, पण तिला यंत्र लागत नव्हते. दोष शरीरात आहे की नाही एवढे ती सांगे. तो कुठे आहे हे सांगण्याची तिची कुवत नव्हती.

तो कुठे आहे हे पहिल्यांदा क्ष-किरणांनी दाखवले. रोंटगेनने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, तेव्हा त्यात हाडे दिसत, रक्त दिसत नसे. रक्तवाहिन्या दिसण्यासाठी त्यांत क्ष-किरण अडवणारा द्रव सोडावा लागतो. १९५३ मध्ये स्वीडनच्या सेल्डिंगरने सुई, तार आणि नळी वापरून धमनीत सुरक्षितपणे शिरण्याची युक्ती काढली आणि शरीराच्या कोणत्याही कोपऱ्यातल्या धमनीचे चित्र घेणे शक्य झाले. फ्रान्समधले गिनेस्तिए आणि रोमिए यांनी १९७० च्या दशकात जांघेतल्या धमनीतून नळी घालून ओटीपोटाच्या खोल भागातली, लिंगाला रक्त पुरवणारी शाखा रंगवली आणि तिची चित्रे मालिकेने प्रसिद्ध केली. प्राग शहरात वाक्लाव मिखाल हा शल्यवैद्य त्याच काळात लिंगाच्या धमन्यांचे क्ष-किरण चित्रण करत होता आणि पोटाच्या भिंतीतली धमनी वळवून लिंगात रक्त नेण्याच्या शस्त्रक्रियाही करत होता.

या चित्रांनी जुन्या मताला मोठा धक्का दिला. ज्यांना 'तुमच्या मनातच आहे' असे सांगून परत पाठवले होते, त्यांतल्या अनेकांच्या धमन्या मधुमेह, तंबाखू किंवा जुन्या अपघाताने चोंदलेल्या निघाल्या. अशा पुरुषांवर झालेला अन्याय या चित्रांनी उघड केला. पण तपासणी स्वतःच अवघड होती. धमनीत नळी, किरणांचा मारा, दुखणे आणि मोठा खर्च. शिवाय चित्र निघे ते शिथिल अवस्थेतल्या लिंगाचे. धरण कोरडे असताना कालव्यांचा नकाशा मिळाला, तरी पाणी सोडल्यावर काय होते ते कळले नाही.

पाणी सोडण्याचा उपाय योगायोगाने सापडला. पॅरिसचे शल्यवैद्य रोनाल्ड विराग यांनी एका शस्त्रक्रियेच्या वेळी पॅपावेरीन हे औषध धमनीत सोडले. रक्तवाहिन्या सैल करणारा हा अफूच्या बोंडातला घटक डॉक्टरांच्या परिचयाचा होता. रुग्णाला पूर्ण ताठरता आली आणि बराच वेळ टिकली. १९८२ मध्ये विराग यांनी लिंगात पॅपावेरीनचे इंजेक्शन देण्याविषयी 'लॅन्सेट'मध्ये लिहिले. ब्रिटनचे जाइल्स ब्रिंडली दुसऱ्या औषधांवर काम करत होते. १९८३ मध्ये अमेरिकेतल्या लास वेगास येथे मूत्ररोगतज्ज्ञांच्या सभेत, आधीच स्वतःला इंजेक्शन टोचून घेऊन, त्यांनी त्याचा परिणाम श्रोत्यांना प्रत्यक्ष दाखवला. सभागृह अवाक झाले, पण मुद्दा निर्विवाद ठरला. कसलीही कामभावना नसताना, केवळ मृदू स्नायू सैल करणाऱ्या औषधाने ताठरता आणता येते. ब्रिंडली यांच्या धैर्याचे मोल या विद्याशाखेने नंतर मोकळेपणाने मान्य केले.

आता दवाखान्यात हवी तेव्हा ताठरता आणता येऊ लागली. ती होत असताना रक्त कसे वाहते हे पाहण्याचे साधन दुसऱ्या बाजूने तयार होत होते. ख्रिस्तियान डॉपलर याने १८४२ मध्ये प्रागमध्येच मांडले होते की लहरींचा उगम आपल्याकडे येत असेल किंवा दूर जात असेल तर त्यांची वारंवारता बदललेली भासते. जपानच्या शिगेओ सातोमुरा यांनी १९५० च्या दशकात हे तत्त्व ध्वनिलहरींनी रक्ताचा वेग ओळखण्यासाठी वापरले. वाहत्या रक्तपेशींवर आदळून परतणाऱ्या ध्वनीच्या बदलावरून रक्ताची दिशा आणि वेग काढता येतो. हे तंत्र सोनोग्राफीच्या चित्राशी जोडले गेले, तेव्हा धमनी डोळ्यांना दिसू लागली आणि तिच्यातला वेगही त्याच क्षणी मोजता येऊ लागला.

सॅन फ्रान्सिस्कोच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात टॉम ल्यू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या दोन्ही गोष्टी एकत्र आणल्या. १९८५ मध्ये 'रेडिओलॉजी' या नियतकालिकात त्यांनी पॅपावेरीनचे इंजेक्शन देऊन नंतर सोनोग्राफी आणि डॉपलर करण्याची पद्धत मांडली. या विषयातल्या आजच्या तपासणीचा आराखडा जवळजवळ तोच आहे.

रुग्ण एका बंद, शांत खोलीत आडवा होतो. आधी शिथिल अवस्थेत लिंगाचे चित्र घेतले जाते. आत घट्ट झालेला भाग, चुन्याचे थर किंवा जुन्या इजेची खूण आहे का हे त्यात दिसते. मग बारीक सुईने औषध टोचतात. आता पॅपावेरीनऐवजी प्रोस्टाग्लँडिन हे औषध अधिक वापरले जाते. पुढची वीस-पंचवीस मिनिटे, दर पाच मिनिटांनी, दोन्ही बाजूंच्या धमनीतला वेग मोजतात. ठोका पडताना रक्ताचा वेग सेकंदाला ३५ सेंटिमीटरच्या वर गेला तर येवा ठीक आहे. २५ च्या खाली राहिला तर धमनी अपुरी आहे. मधले आकडे संशयाचे, त्यांचा अर्थ रुग्णाचा इतिहास पाहून लावावा लागतो. दोन ठोक्यांच्या मध्ये, हृदय सैल असताना, रक्त जवळपास थांबायला हवे; पूर्ण ताठरतेत ते क्षणभर उलटेही फिरते. तिथे वेग सेकंदाला ५ सेंटिमीटरच्या वर राहिला, म्हणजे येवा चांगला असूनही रक्त बाहेर निसटते आहे.

या आकड्यांना एक मोठी अट आहे आणि ती यंत्राच्या माहितीपत्रकात नसते. घाबरलेल्या माणसाच्या रक्तात अॅड्रेनॅलिन वाढते, मृदू स्नायू आवळलेलेच राहतात आणि निरोगी धमनीचाही आकडा खाली येतो. अनोळखी खोली, सुई आणि भोवती चाललेली वर्दळ यांमुळे तरुण रुग्णावर 'शिरा गळतात' असा शिक्का बसल्याची उदाहरणे कमी नाहीत. म्हणून जाणकार डॉक्टर औषधाची मात्रा पुन्हा देऊन, रुग्णाला एकांत देऊन मगच निष्कर्ष काढतात. दुसरी काळजी उलट बाजूची. चार तासांपेक्षा जास्त टिकलेली ताठरता ही तातडीची बाब असते. साठलेले रक्त वेळीच न काढल्यास आतले ऊतक कायमचे खराब होते. त्यामुळे रुग्णाला घरी सोडताना ही सूचना स्पष्ट द्यावीच लागते.

शिरांच्या गळतीचे चित्रणही त्याच दशकात जोरात आले. लिंगात मीठपाणी आणि क्ष-किरण अडवणारा द्रव ठरावीक वेगाने सोडून तो कोणत्या वाटेने बाहेर पडतो ते चित्रावर पाहायचे, अशी ती पद्धत. चित्रात गळणाऱ्या शिरा ठळक दिसत, आणि ज्या दिसतात त्या बांधून टाकाव्यात, हा विचार शल्यवैद्यांना स्वाभाविक वाटला. अशा शस्त्रक्रिया पुष्कळ झाल्या. पण सुरुवातीची सुधारणा काही काळाने ओसरू लागली. कारण बहुतेकांचा मूळ दोष शिरांत नव्हता. आतला मृदू स्नायू कडक झाल्यामुळे पोकळ्या पुरेशा फुगत नव्हत्या आणि म्हणून शिरा चेपल्या जात नव्हत्या. एक शीर बांधली की रक्त दुसऱ्या वाटेने जाई. अमेरिकी मूत्ररोगतज्ज्ञ संघटनेच्या २००५ च्या मार्गदर्शक सूचनांनी या शस्त्रक्रियेची शिफारस करू नये असे म्हटले. चित्रात दिसणारी गोष्ट आणि दुखण्याचे कारण एकच असते असे नाही, याचा इतका महाग धडा प्रतिमाशास्त्राच्या इतिहासात क्वचितच मिळाला असेल.

या काळात भारतात पुरुषांच्या लैंगिक आरोग्याला संस्थेचा आधार मिळू लागला. मुंबईत केईएम रुग्णालय आणि सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालयात डॉ. प्रकाश कोठारी यांच्या पुढाकाराने लैंगिक वैद्यकाचा विभाग उभा राहिला. १९८५ मध्ये, म्हणजे ल्यू यांची पद्धत प्रसिद्ध झाली त्याच वर्षी, लैंगिक विज्ञानाची जागतिक परिषद नवी दिल्लीत भरली. मराठीत डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या 'निरामय कामजीवन' या पुस्तकाने घराघरांत शास्त्रीय माहिती नेली. कर्व्यांना न्यायालयात ओढणाऱ्या समाजात आता हे विषय पुस्तकांच्या दुकानात सहज मिळू लागले होते.

दरम्यान नावही बदलले. डिसेंबर १९९२ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने भरवलेल्या परिषदेने 'नपुंसकत्व' या कलंकित शब्दाऐवजी 'ताठरतेतील बिघाड' ही संज्ञा वापरण्याचे ठरवले. १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मॅसॅच्युसेट्समधल्या पाहणीत ४० ते ७० वयाच्या पुरुषांपैकी ५२ टक्क्यांनी कमी-अधिक प्रमाणात ही तक्रार सांगितली. पोकळ्यांभोवतीचे स्नायू सैल करणारा शरीरातला निरोप्या नायट्रिक ऑक्साइड हा वायू आहे, हेही याच काळात सिद्ध झाले. या वायूच्या रक्तवाहिन्यांमधल्या कामाबद्दल फर्चगॉट, इग्नारो आणि मुराद यांना १९९८ चे नोबेल मिळाले. त्याच वर्षी २७ मार्चला सिल्डेनाफिल या गोळीला अमेरिकेत परवानगी मिळाली. हृदयातल्या कळांसाठी तपासले जात असलेले हे औषध स्वयंसेवकांच्या अनुभवातून वेगळ्याच वाटेला लागले होते. २००१ मध्ये भारतीय कंपन्यांच्या स्वस्त गोळ्या बाजारात आल्या.

गोळीने तपासणीचे महत्त्व एकदम घटवले. कारण कोणतेही असो, आधी गोळी देऊन पाहावी, अशी रीत पडली. आज डॉपलर सर्वांना करत नाहीत. गोळी लागू पडत नसेल, अपघातात ओटीपोटाला मार बसलेला तरुण असेल, लिंग वाकडे होत असेल किंवा शस्त्रक्रिया ठरवायची असेल, तेव्हाच तिची गरज भासते.

संशोधनासाठी मात्र चित्रण पुढे जात राहिले. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगेन येथे स्वयंसेवक जोडप्यांनी एमआरआयच्या अरुंद नळीत संभोग केला आणि त्याची चित्रे डिसेंबर १९९९ मध्ये 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'ने छापली. समागमाच्या वेळी लिंगाचा आकार सरळ नसून बूमरँगसारखा वाकलेला असतो आणि त्याच्या लांबीचा सुमारे एक तृतीयांश भाग, म्हणजे मूळ, शरीराच्या आत असतो, हे त्यांत स्पष्ट दिसले. लिओनार्दोने कल्पनेने काढलेल्या समागमाच्या आकृतीनंतर पाच शतकांनी ही प्रत्यक्ष चित्रे मिळाली. त्याच वर्षी पॅरिसच्या सर्ज स्तोलेरू यांच्या गटाने पेट स्कॅनने पुरुषाच्या कामोत्तेजनेच्या वेळी मेंदूचे कोणते भाग जागे होतात याचा नकाशा काढला. मन आणि शरीर यांचा जुना वाद त्यामुळे निरर्थक ठरला. 'मनाचे' म्हटले जाणारे दुखणेही मेंदूच्या चित्रात जागा धरून बसलेले दिसते.

या साऱ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा परिणाम लैंगिक सुखाच्या पलीकडचा आहे. लिंगातली धमनी एक-दोन मिलिमीटर जाडीची असते, हृदयाची तीन-चार मिलिमीटरची. एकाच प्रकारचा चरबीचा थर साचत गेला तर बारीक नळ आधी चोंदतो. इटलीच्या मोंतोर्सी आणि सहकाऱ्यांनी हा विचार मांडला. २००५ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीत इयान थॉम्पसन आणि सहकाऱ्यांना आढळले की ज्यांना ताठरतेची तक्रार सुरू झाली त्यांच्यात पुढच्या काळात हृदयविकाराचे प्रमाण जास्त होते. ही तक्रार आणि हृदयाचा झटका यांच्यात साधारण दोन ते पाच वर्षांचा अवकाश मिळतो, असे अनेक अभ्यासांतून पुढे आले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या पाहणीच्या २०२३ च्या अहवालानुसार देशात १० कोटींहून अधिक लोकांना मधुमेह आहे. अशा देशात दोन वर्षे आधी मिळणारा इशारा वाया घालवणे परवडणारे नाही.

अहिल्यानगर जिल्ह्यात या इशाऱ्याचे काय होते हा प्रश्न म्हणूनच महत्त्वाचा आहे. क्षेत्रफळाने राज्यातला हा सर्वांत मोठा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ४५ लाखांवर होती आणि सुमारे ८० टक्के लोक खेड्यांत राहत होते. यंत्रांच्या बाबतीत जिल्हा मागे नाही. राहाता तालुक्यातल्या लोणी येथे प्रवरा परिसरात १९८४ पासून ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. सहकारी साखर कारखान्यापासून सुरू झालेल्या चळवळीने खेड्यात उच्च वैद्यकीय शिक्षण आणले, हे या जिल्ह्याचे मोठे कर्तृत्व आहे. तालुक्याच्या गावांतही सोनोग्राफी केंद्रे आहेत आणि अनेक ठिकाणी कलर डॉपलरची सोय आहे. गर्भवतीच्या नाळेतला किंवा पायातल्या शिरांमधला रक्तप्रवाह ज्या यंत्रावर पाहतात, त्यालाच उच्च वारंवारतेचा प्रोब जोडला की लिंगाच्या धमनीचीही तपासणी होते.

पण महाराष्ट्रात सोनोग्राफीच्या यंत्राचा इतिहास स्त्रीच्या शरीराशी जोडला गेला, आणि तोही वाईट रीतीने. गर्भातली मुलगी शोधण्यासाठी त्याचा इतका गैरवापर झाला की १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशात सर्वांत आधी त्याविरुद्ध कायदा केला. १९९४ च्या केंद्रीय कायद्यानुसार प्रत्येक केंद्राची आणि यंत्राची नोंदणी सक्तीची आहे. मूल होत नाही म्हणून पहिली सोनोग्राफी होते ती बायकोची, दोष ठरतो तो तिचा, आणि 'वांझ' हा शब्द तिच्या वाट्याला येतो. त्याच खोलीत, त्याच यंत्रासमोर नवऱ्याने आडवे व्हावे, हे अजून फार थोड्या घरांत घडते. ही अडचण यंत्राची नाही आणि डॉक्टरच्या कौशल्याचीही नाही. नवरा डॉक्टरकडे जातो तेव्हा 'अशक्तपणा' एवढेच सांगतो, आणि घाईतला डॉक्टर पुढे विचारत नाही. औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळी मिळते आणि इशारा तिथेच बुजतो. छातीत दुखते म्हणून नायट्रेटची गोळी घेणाऱ्या माणसाने सिल्डेनाफिल घेतले तर रक्तदाब धोकादायक रीतीने कोसळतो, आणि दुकानदार हे विचारतोच असे नाही.

म्हणून चाळिशी ओलांडलेल्या पुरुषाला ही तक्रार नव्याने सुरू झाली असेल, तर डॉपलरचा विचार नंतरचा. आधी उपाशीपोटी साखर, रक्तदाब आणि रक्तातली चरबी तपासावी, आणि ती तक्रार डॉक्टरला नेमक्या शब्दांत सांगावी. साखर आणि रक्तदाबाची तपासणी जिल्ह्यातल्या कोणत्याही ग्रामीण रुग्णालयात होते.